गोपीनाथचा रुमाल

गेल्या वर्षी मराठी मंडळाच्या नाटकात लतिकाला टाळ्याच टाळ्या पडल्या, आणि बाई वर्षभर हवेत होती. मग एका शुक्रवारी रास अल खैमातल्या घरी जेवायला आलेल्या ओगावांनी तिला धाडकन खाली आणलं.

ओगावा म्हणजे नवऱ्याच्या, गोपीनाथच्या, टाइल्सच्या कारखान्यातले जपानी इंजिनीअर. कोलंबीचं कालवण ओरपता ओरपता सांगत होते, जुन्या काबुकी नाटकांना काही लोकांना म्हणे फुकट आत सोडत. त्यांनी नेमक्या वेळी नटाला दाद द्यायची, बस. चेरीचा बहर कसा फुकट बघायला मिळतो, तसंच हे फुकटचं बघणं. म्हणून त्यांचं नाव पडलं 'साकुरा', चेरीचा फुलोरा.

"म्हणजे आपला शाहबाज आणि त्याची गँग!" गोपीनाथ खो खो हसला आणि त्याने जीभ चावली.

खलास! लतिकाने सगळं वदवून घेतलं. कारखान्याची बस, शाहबाजसकट पंचवीस कामगार, कुणी पेशावरचं कुणी केरळचं, मराठीचा गंध नाही. नाटकानंतर बिर्याणी. गोपीनाथने रुमाल काढला की टाळ्या.

"अहो, लाज नाही वाटली? मला अभिनय येतो की नाही, हे मला आता कसं कळायचं?"

दुसऱ्याच दिवशी तिने मंडळाकडून यंदाची सर्वांत अवघड भूमिका हट्टाने मागून घेतली. नवरा गेल्यावरही रोज दोन ताटं वाढणारी विधवा. तीन महिने शारजाला तालमींना गेली, घसा बसला तरी गेली. गोपीनाथकडून शपथ घेतली, कुणालाही इशारा करायचा नाही. त्याने ती पाळलीही. पण शाहबाजची मंडळी यंदा हौसेने, स्वतःच्या तिकिटावर आली होती, आणि रुमालाचं काम आता बंद, हे त्यांना सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

प्रयोगात लतिकाने दुसरं ताट वाढलं, मग तसंच उचललं. सभागृह चिडीचूप. आणि एकदम टाळ्यांचा कडकडाट!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोडली शपथ मेल्याने! पण ती हलली नाही. पुढचं वाक्य म्हटल्याशिवाय जायचं नाही, म्हणून ताट धरून उभीच राहिली आणि तिने पहिल्या रांगेकडे रोखून बघितलं.

गोपीनाथ रुमालात तोंड खुपसून हुंदके देत होता. शेजारी शाहबाज, काही न कळून, टाळ्या वाजवतच होता.

लतिकाला कळायचं ते कळलं. टाळ्या थांबल्यावर तिने ताट खाली ठेवलं आणि आवाज जरासुद्धा हलू न देता पुढचं वाक्य म्हटलं.