खेळाडूच्या दारावरचं कुलूप

मित्रांनो, सामना जिंकला असता तर आमच्या मॅनेजरांना काय काय मिळणार होतं, ते आधी ऐका: कचेरीत मालकाशेजारची खुर्ची, वर्तमानपत्रात फोटो आणि घरी सासऱ्यांपुढे ताठ मान. एवढ्या लोभापायी माझ्या नशिबी एक जिता माणूस आला.

मी एक जुनं पितळी कुलूप आहे. नवा होतो तेव्हा आरशासारखा चमकायचो. गोदामाची राखण केली, "याला चोरही सलाम ठोकतो," अशी मालकांची शाबासकी मिळवली. पुढे मात्र कुणी तेलाचा थेंब दाखवला नाही.

मग मॅनेजर परदेशी गेले आणि कचेरीच्या व्हॉलीबॉल संघासाठी एक ताडमाड तरुण घेऊन आले. तिथल्या बंदरावर तो बर्फाच्या लाद्या ट्रकवर भिरकावत होता. चेंडू त्याने कधी हाती धरला नव्हता. सुरुवातीचे चेंडू छपरावर गेले, एक तर थेट आचारीमामांच्या पातेल्यात. पण हळूहळू त्याचा फटका असा बसू लागला, की समोरचे डोकं झाकायचे. सगळे त्याला शिडी म्हणू लागले.

प्रतिस्पर्धी त्याला पळवतील, या धास्तीने मॅनेजरांनी मला त्याच्या खोलीला बाहेरून लावलं. तो आत, मी बाहेर, जखडलेले दोघेही. खिडकीतून मैदान दिसे, पण तिला गज होते.

"साहेब, बाहेर फिरू?"

"उद्या बघू."

गजांतून ताट सरकवताना मामा कुरकुरायचे, "अहो, खेळाडू आणलाय की पोपट?"

अंतिम सामन्याच्या सकाळी माझ्या गंजक्या पोटात किल्ली मोडली. मॅनेजर ओरडले, "शिडी, बाळा, बाहेर ये रे!"

"उद्या बघू, साहेब," आतून उत्तर आलं. पण लगेच त्याने खांद्याने धडका दिल्या. दार हललं नाही. शेवटी त्याच्या जागी मामांना उभं केलं.

सामना संपल्यावर करवत आली. प्रतिस्पर्धी कप्तानही आला. कुलूप कशासाठी होतं ते कळल्यावर तो म्हणाला, "पळवायला? अहो, आम्हाला याच्याशी खेळायचं होतं!"

मित्रांनो, कुलपाला वेळेवर तेल द्या. आणि आत माणूस असेल, तर कुलूप लावूच नका.

आता हिशेब. चषक पाहुण्या संघाने नेला. मॅनेजर सासुरवाडीला जायचं टाळतात. मामांची कंबर धरली, माझी कडी कापली गेली. पण हे सगळं किरकोळ. ज्या सामन्यासाठी शिडी समुद्र ओलांडून आला, तो त्याने गज धरून पाहिला.