मामांच्या हातची दोरी

मी एक दोरी. लगेच नाक मुरडू नका! भर समुद्रात दोन जहाजं शेजारी शेजारी चालतात आणि एकाच्या टाकीतलं तेल नळीने दुसऱ्याला पाजतात, तेव्हा त्यांच्यात किती अंतर आहे ते मी सांगते. दर पाच मीटरवर माझ्या अंगाला रंगीत कापड शिवलंय, त्यावर आकडा. अंतर कमी झालं तर टक्कर, वाढलं तर नळी फुटणार. मोठमोठे कप्तान माझ्याकडे बघून जहाज हाकतात. मग थोडा तोरा मिरवला तर काय बिघडलं?

मला घडवलं मामांनी. डेकवरच्या सगळ्या दोरखंडांचे ते कारभारी. सख्खा भाचा एकही नाही, तरी अख्खं जहाज त्यांना मामा म्हणतं. त्या वर्षी मित्रदेशाच्या नौदलाबरोबर आमचा संयुक्त सराव ठरला आणि मामांना हुरूप चढला. "पाहुण्यांसमोर जुनी-पुराणी दोरी न्यायची नाही," म्हणत एकोणीस दिवस ते माझ्यामागे लागले. ताणली, भिजवली, वाळवली, पुन्हा मोजली. कापडंही स्वतः शिवली. मामींनी फोनवर टोमणा मारलाच, "घरी बटण लावायला सांगितलं की तुम्हाला सुई दिसत नाही!"

सरावाच्या आदल्या दिवशी दोन्हीकडचे खलाशी धक्क्यावर भेटले. पाहुण्यांच्या जहाजावर माझं टोक धरणारा ताडमाड उंच होता. आमच्यांनी लगेच त्याचं नाव लंबू ठेवलं. मामांनी मला त्याच्या हातात दिलं आणि दुभाष्याकरवी बजावलं, "जपून हं! पाण्यात पडता कामा नये. जशीच्या तशी परत पाहिजे." लंबूने छातीवर हात ठेवून कबूल केलं. मी तर फुगूनच गेले.

दुसऱ्या दिवशी माझं एक टोक आमच्या कठड्याला बांधलं, दुसरं लंबूच्या हातात गेलं. पंचेचाळीसचा आकडा जागचा हलत नव्हता. तेल निम्मं गेलं असेल नसेल, तोच पाहुण्यांच्या जहाजाचं सुकाणू अडकलं. ते दूर वळू लागलं. पन्नास! धोक्याचा भोंगा झाला. अशा वेळी नियम एकच, नळी सोडा आणि दोऱ्या टाका. नळी सुटली, बाकीच्या दोऱ्या धपाधप पाण्यात पडल्या. मी मात्र पडले नाही. लंबूने मला मनगटाला तीन वेढे दिले. शब्द दिला होता ना!

जहाज आणखी दूर सरकलं. मी ताठ झाले, वेढे त्याच्या मनगटात रुतले आणि तो कठड्यावर ओढला जाऊ लागला. आता सोडायचं म्हटलं तरी त्याला सोडता येईना. मला माझीच लाज वाटली. इकडे मामांनी कमरेचा सुरा काढला आणि क्षणाचाही विचार न करता मला कठड्यापाशी कापलं.

संध्याकाळी बंदरात लंबू आमच्या जहाजावर आला. मनगटाला पट्टी, काखेत मी, नीट गुंडाळलेली. मान खाली घालून म्हणाला, "टोकाला थोडी कमी भरेल. माफ करा."

मामांनी मला बाजूला ठेवलं आणि त्याचा तो हात आपल्या हातात घेतला. "अरे लेका, दोरी पुन्हा करता येते. हा हात कुठून आणला असता? चूक तुझी नाही रे. माझी फुशारकी नडली." दुभाष्याने सांगायच्या आधीच मामांचे डोळे भरून वाहू लागले होते.

मापाच्या कामाला आता मी उपयोगाची नाही. दोन्ही नौदलांचे नवे खलाशी एकत्र शिकतात त्या खोलीत मी असते. मामा आणि लंबू मिळून शिकवतात. मला उघड्या तळहातावर धरायचं, आणि शिट्टी झाली की टाकायचं. कुणी अदबीने हळूच खाली ठेवू लागला की लंबू मामांकडून शिकलेल्या भाषेत ओरडतो, "टाक म्हणतो ना!"

दिवसातून तीस-चाळीस वेळा मी जमिनीवर आपटते. खरं सांगू? कप्तान माझ्याकडे डोळे लावून बघायचे, तेव्हाही मला इतका अभिमान वाटला नव्हता. तुम्हीही कुणाच्या हाती जिवापाड जपलेलं काही सोपवाल, तेव्हा एवढं आवर्जून सांगा, "वेळ आली तर बिनधास्त सोडून दे."