भिंगरीच्या स्वच्छ वह्या

मी एक जुना खोडरबर आहे, मित्रांनो, आणि आता बोराच्या बीएवढा उरलो आहे. इतका झिजलो म्हणून माझं कौतुक करू नका. कशापायी झिजलो ते आधी ऐका.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी साबणाच्या वडीएवढा, पांढराशुभ्र होतो. दुकानात एका बाईने मला दाबून, वाकवून पाहिलं.

"डाग राहत नाही ना मागे?"

"ताई, इथे काही लिहिलं होतं हेसुद्धा कळणार नाही," दुकानदार म्हणाला. मी फुशारून गेलो.

ती बाई शाळेचे गणवेश शिवायची. टाका चुकला की उसवायचा, पुन्हा घालायचा, वरून इस्त्री फिरवायची. गिऱ्हाईकाला उसवल्याची खूण दिसता कामा नये. तिची मुलगी दुसरीत होती. घरात तिला भिंगरी म्हणत. तोंडी काहीही विचारा, धडाधड सांगायची. कागदावर मात्र अक्षरं तिचं ऐकत नसत. ती उलटी होत, जागा बदलत. भिंगरी पेन्सिल इतकी दाबून धरायची की बोटं पांढरी पडत.

आईचा स्वभाव तापट. "डोळे कुठे आहेत तुझे? मुद्दाम करतेस ना?" म्हणत ती मला उचलायची. मी खोडायचो, भिंगरी रडत पुन्हा लिहायची. मग एक दिवस जाऊबाई आल्या आणि वही चाळून म्हणाल्या, "अगंबाई, हिच्या डोक्यात काही कमी तर नाही ना?"

आईने हसून वही मिटली. त्या दिवसापासून मी पानंच्या पानं खोडली आणि आई डाव्या हाताने, मुलीसारखं वळण काढून, सगळं स्वतः लिहू लागली. वर्गातल्या बाईंनी 'सुंदर वही' असा शेरा दिला. तो जाऊबाईंना मुद्दाम दाखवण्यात आला. मलाही तेव्हा अभिमान वाटला. आज त्याचीच लाज वाटते.

परीक्षेत आई कुठून येणार? तिसरीपर्यंत तोंडी परीक्षांवर निभावलं, पण चौथीच्या सहामाहीत भिंगरी सगळ्या लेखी विषयांत आपटली. वार्षिक परीक्षेतही हेच झालं तर दुसरी शाळा बघा, असं शाळेने सांगितलं. एकच वाट होती. हिला लिहिण्यात मुळातच अडचण आहे असं तपासणी केंद्राने लिहून दिलं, तर तिची परीक्षा तोंडी होणार होती. तिथे तीन वर्षांच्या वह्या मागितल्या होत्या.

केंद्राच्या बाकावर आणखी एक आई होती. तिच्या लेकीच्या वह्या लाल शेऱ्यांनी भरलेल्या, कोपरे दुमडलेले. "मी नुसती शेजारी बसते. तिचं ती लिहिते," ती म्हणाली. भिंगरीच्या आईने नाक मुरडलं. दहा मिनिटांत ती बाई कागद घेऊन बाहेर आली.

मग आमची पाळी. तपासणाऱ्या बाईंनी वह्या उलटल्या. "चाचणीत चुकते आहे, पण वह्यांत एक चूक नाही. मेळ कसा बसायचा?"

"मीच लिहिलंय हो ते," आई म्हणाली. तिचा आवाज मी एवढा बारीक कधी ऐकला नव्हता.

"कागद हवा म्हणून आया काय वाट्टेल ते सांगतात."

तेव्हा भिंगरीने वही ओढली, पान उलटलं आणि त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. "हे माझं आहे," ती म्हणाली. शिसं मी खोडलं होतं, पण तिने दाबून लिहिलेलं पाठीवर तसंच उमटून राहिलं होतं. आईनेही तिथे बोट टेकवलं. बाईंनी हात लावला नाही.

"खोडलेलं आम्हाला धरता येत नाही. वर्षभराच्या नव्या वह्या घेऊन या."

परीक्षा दोन महिन्यांवर होती. भिंगरी लेखी परीक्षेला बसली, पुन्हा आपटली आणि तिला ती शाळा सोडावी लागली. आई आजही त्याच शाळेचे गणवेश शिवते. भिंगरीच्या मापाचा गणवेश आला की तो ती सगळ्यात शेवटी शिवायला घेते.

मित्रांनो, मला वापरा, पण जपून. लोक काय म्हणतील म्हणून मला कुणाच्या वहीवर चालवू नका. लहान बोटांनी केलेली चूक हीसुद्धा त्यांची मेहनत असते.

आता मी बटणांच्या डब्यात पडून असतो. परवा भिंगरी नव्या शाळेचा अभ्यास करत होती. आई शेजारी बसली होती. एक अक्षर उलटं पडलं आणि सवयीने आईचा हात डब्याकडे आला, तिने मला उचललं. भिंगरीने झटकन अक्षरावर तळहात ठेवला. आईने मला परत ठेवून दिलं, तरी भिंगरीने तळहात उचलला नाही.