शिडीवरची तपासणी

आमच्या हेर्नेच्या कोळसा-खाणवस्तीत डॉक्टर निवडायची सोय नव्हती. पगारातून आजारफंडाची वर्गणी कापली जायची आणि फंड देईल तो डॉक्टर आपला म्हणायचा. आमच्या वाट्याला लोहकाम्प आले. पगार फंडाचा, मग बाजू कुणाची घेणार, असं सगळी वस्ती म्हणायची. मीही म्हणायचे.

माझा नवरा हाइनर खोकल्याने घरी होता. आजारी माणसाने अंथरूण सोडायचं नाही, असा फंडाचा नियम. पण रविवारी कबुतरांची शर्यत! लांबून उडत आलेली त्याची निळी मादी छपरावर उतरली, तशी स्वारी शिडीवर. नेमका फंडाचा तपासनीस कुंपणाशी उभा.

त्याच्या तक्रारीवरून डॉक्टर तपासायला येणार म्हटल्यावर मी हाइनरला म्हटलं, "गुपचूप निजून राहा."

"डॉक्टरसाहेब घरी येणार आणि मी लोळत पडू?"

त्याने दाढी केली, लग्नातला काळा कोट चढवला आणि खुर्चीत ताठ बसला. खोकला आला की गिळायचा. आमचे पुरुष सगळे असेच. माझं डोकं फिरलं. याला कामावर धाडलं तर महिनाभराची विश्रांती गेली आणि हा पुन्हा त्या धुळीत.

लोहकाम्पांनी त्याला न्याहाळलं. "छान दिसताय की! कबुतरं दाखवता?"

"चला ना!" हाइनर खुलला.

घ्या, पाडून घेतला पायावर धोंडा!

अर्ध्या शिडीवर तो थांबला. "ही निळी..." धाप लागून पुढचा शब्द येईना. मागून चढणाऱ्या डॉक्टरांनी त्याच्या पाठीला कान लावला. बराच वेळ दोघे तसेच उभे होते. मग कमरेला धरून त्यांनी त्याला सावकाश उतरवलं.

स्वयंपाकघरात मी विचारलं, "महिनाभर विश्रांती लिहाल ना, डॉक्टरसाहेब?"

"त्याला खाण आता कायमची बंद, बाई. पेन्शनसाठी फंडाशी मी भांडेन."

"म्हणजे बरा नाही होणार?"

त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं. हा आजारी ठरू दे म्हणून मी रात्रभर देवाला विनवलं होतं. ठरला.

अंगणात हाइनर शेजाऱ्याला सांगत होता, "कबुतरं आवडली बरं का साहेबांना! बहुतेक सोमवारी कामावर."

मी जाऊन त्याच्या कोटावरची शिडीची धूळ झटकत राहिले.