बायनरी न म्हणता मागवलेली फाइल

सोमवारी सकाळी साडेनऊला कळलं की नेड्राचा आवाज गेला. नेड्रा स्वतः जाऊन अकरा महिने झाले होते.

युनिव्हर्सिटीच्या तळघरात मी कॉम्प्युटरचं मशीन चालवतो. माझी बायको नेड्रा वरच्या मजल्यावर, ध्वनीच्या प्रयोगशाळेत होती. अठ्ठ्याहत्तर साली तिथे माणसाचा आवाज आकड्यांत उतरवायचं काम चाले. वाचायला कोणीतरी हवं होतं, म्हणून तिनेच वाचलं. हवामानाचा अंदाज, भाज्यांची नावं, शेवटी आईची जर्दाळूच्या मुरंब्याची कृती. चार मिनिटं दहा सेकंद. ती फाइल नेटवर्कवरून बॉस्टनच्या एका प्रयोगशाळेत गेली. इथली प्रत डिस्क भरली तेव्हा काढून टाकली. घरी तिच्या आवाजाची एकही टेप नाही. दिवसभर मशीनशी बोलून येते, घरी कशाला, म्हणायची.

आदल्या गुरुवारी बॉस्टनहून तिथल्या मशीनवाल्याचा, मिल्टचा फोन आला.

"डेलॉय, उद्या दुपारी बाराला या म्हाताऱ्या मशीनला बंद करतोय. तुझ्या बायकोच्या नावाची एक फाइल आहे. हवी असेल तर ने."

"आत्ताच नेतो."

"घाई काय, कॉफी पिऊन ये. अरे हो, तुम्हा युटावाल्यांच्या धर्मात कॉफी बसत नाही. मग जागे कसे राहता रे?"

"लवकर झोपतो," मी म्हटलं.

मी टर्मिनलवर बसलो. 'ओपन' टाकून त्यांच्या मशीनचं नाव दिलं, मग माझं नाव, पासवर्ड. यादी मागवली. यादीत तिचं नाव होतं. थोडा वेळ ते नुसतं बघितलं. मग 'गेट', म्हणजे आण, आणि फाइलचं नाव. सोळा मिनिटांनी फाइल पूर्ण आल्याचा निरोप उमटला. तो खरा होता, फाइल आलीच होती.

लगेच आयडाहोला फोन केला. नेड्राच्या आई आर्डिथ तिथे एकट्या राहतात.

"आई, तिचा आवाज मिळाला."

"काय म्हणते रे ती?"

"तुमचा मुरंबा सांगते."

"साखर किती सांगितलीय? नेहमी कमी घालायची, कंजूष." मग म्हणाल्या, "बारा तारखेला वर्ष होतंय. सगळे जमतील तेव्हा लाव. माझा डावा कान शाबूत आहे अजून."

सोमवारी नेड्राच्या प्रयोगशाळेतला गार्थ रजेवरून आला, त्याने फाइल स्पीकरवर लावली. तेलात पाणी पडावं तसा आवाज आला. शेवटपर्यंत तेच. गार्थने स्पीकर बंद केला.

"डेलॉय, गेटच्या आधी बायनरी टाकलं होतंस ना?"

टाकलं नव्हतं. बारा वर्षं मी पत्रं आणि माहितीपुस्तकं मागवत आलो. तिथे 'बायनरी', म्हणजे हे लिखाण नव्हे, असं सांगावं लागत नाही. न सांगता मागवलं की मशीन सगळ्याला लिखाण समजतं. प्रत्येक आकडा आठ बिटांचा, म्हणजे आठ शून्य-एकांचा; लिखाणाला त्यातले सात पुरतात, म्हणून त्यांचं जुनं मशीन आठवा वाटेतच सोडून देतं. अक्षरांचं काही बिघडत नाही. आवाजात मात्र तो आठवा बिट लाट मधल्या रेषेच्या वर आहे की खाली ते सांगतो. नेड्रा शंभरदा म्हणाली असेल, "त्याला आधी सांग काय येतंय, मग माग."

"बॉस्टनला फोन लाव," गार्थ म्हणाला.

"शुक्रवारीच डिस्क पुसली," मिल्ट म्हणाला. "मशीनची कपाटं ट्रकवर चढली."

"टेपांवर प्रत असेल?" मी विचारलं.

"त्यांच्यावर केव्हाच दुसरं लिहिलं रे. मला सांगायचंस, मीच नीट पाठवली असती." त्याने कॉफीचा विषय काढला नाही.

गार्थचं म्हणणं, ती हळू बोलते तिथे शेजारच्या आकड्यांवरून आठवा बिट ओळखता येईल. मोठ्याने बोलते तिथे दोन्ही बरोबर वाटतात, अंदाजच करावा लागतो. एका सेकंदात आठ हजार आकडे आहेत. रोज काम संपलं की मी त्या आकड्यांचे छापील कागद घेऊन बसतो.

आज नऊ तारीख. दीड सेकंदाचं काम झालं आहे. त्यात 'उद्या' हा एक शब्द ऐकू येतो. तो तिचा आहे की मी बसवलेला, ते सांगता येत नाही.

चार मिनिटं साडेआठ सेकंद बाकी आहेत. आर्डिथना अजून सांगितलेलं नाही.