दोन डोंग्यांची एक खेप

मी एक जुना डोंगा आहे, मित्रांनो. कुरखेड्याच्या जंगलातला बुंधा कोरून मासेमार इस्तारी ढिवराने मला घडवले. तासून तासून त्याने माझे पोट रिकामे केले, तेव्हा मला राग आला होता. पाण्यात उतरल्यावर कळले, डोंग्याचे रिकामे पोटच तरंगते. माणसाचे तसे नसते.

नागभीडजवळच्या तलावावर मी बरीच वर्षे मासळी वाहिली. मग एका पावसाळ्यात, चोपन्न-पंचावन्न साल असेल, तलावाची पाळ फुटली. धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, रेती भरली आणि गाव नि शाळा यांच्यामध्ये खोल नाला पडला. शेतकरी म्हणाले, ढिवरांनी मासे धरायला पाळ कोरली. ढिवर म्हणाले, शेतकऱ्यांनी तिची डागडुजी टाळली. दोन्हीकडून बोलणे बंद.

मदतीचा तांदूळ पलीकडे शाळेत उतरला. मास्तरीण इंदुताई रोज भात शिजवणार आणि वर पाढेही म्हणून घेणार होत्या. पोरे मात्र अलीकडे, उपाशी. इस्तारीने आपल्या लेकीला, मैनेला, घेऊन मला नाल्यात घातले. पाण्याच्या ओढीत मी असा कलंडलो की मैना पाण्यात पडली. बापाने वेणी धरून तिला ओढली, म्हणून वाचली. त्याची लाज मला अजून वाटते.

एकटा डोंगा ओढीत कलंडतो. दोन जोडून बांधले तर नाही. गावात दुसरा डोंगा लटारू शेतकऱ्याचा, शिंगाडे काढायचा. इस्तारी त्याच्या दारात गेला.

"लटारूभाऊ, डोंगा दे."

"काऊन? आता माया बांधीत मासे धरतं का?"

"बांधीत तं रेती हाये. तुयी पोरगी गोकुळा जेवली का, ते सांग."

आतून लटारूची बायको म्हणाली, "भांडण मंग करा जी! तिकडे भात थंडा होऊन राह्यला."

"देतो. पन माया डोंगा तुया डोंग्याच्या मांगं नाई राहीन."

"मांगं कायले? बाजूले बांधाचा हाये."

आम्हांला आडव्या बांबूंनी आवळले. मध्ये मैना, गोकुळा नि बाकीची पोरे बसली. दोघे बाप दोन कडांना. एकाने तळाला बांबू रेटला आणि दुसऱ्याने नाही, की आम्ही जागीच गोल फिरायचो. पोरे हसायची. शेवटी लटारूला म्हणावेच लागले, "रेट!" इस्तारीला म्हणावे लागले, "थांब!" उरलासुरला अबोला त्या दोन शब्दांनी मोडला. पावसाळाभर रोज तीच खेप चालली.

उन्हाळ्यात दोन्ही मोहल्ल्यांनी मिळून पाळ बांधली. चूक कोणाची, ते अजून ठरलेले नाही. पुढे नाल्यावर पूल झाला आणि मी काठावर चिरा पडून वाळत राहिलो. कोणी सावलीला ओढून ठेवले तर बरे वाटेल.

पण मित्रांनो, मागणे वेगळेच आहे. चूक कोणाची, ते मोठे ठरवत बसोत. पोरांना आधी पलीकडे नेऊन सोडा.