खाटेवरचे मालक

बावीस वर्षं वॉर्डात रोग्यांना उठवून-बसवून सिस्टरबाईंच्या कमरेनं अखेर हात टेकले. डॉक्टर म्हणाले, यापुढे उशीपेक्षा जड काही उचलायचं नाही. असं काम वॉर्डात कुठून असणार? मग बाईंनी दवाखान्याच्या खाटा बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी धरली. गिऱ्हाईक आलं की खाट वापरून दाखवायची, एवढंच काम. बोली महिन्याची होती. शेवटच्या दिवशी एका मोठ्या इस्पितळाची माणसं खाटा बघायला येणार होती. ती खूश झाली तर नोकरी पक्की, नाहीतर बाई घरी.

नवऱ्याला धास्ती होती ती बायकोच्या खरं बोलण्याची. डबा भरून देताना त्यांनी दोनदा बजावलं, "अगं, तुला खाट विकायचीय. तपासायची नाही." बाईंनी माहितीपत्रक तोंडपाठ करून लेकीला म्हणूनही दाखवलं. लेक म्हणाली, आई, सगळं ठीक आहे, फक्त जरा हसत म्हण. कुणाचं ऑपरेशन सांगितल्यासारखं वाटतंय.

पाहुणे तिघं आले: एक डॉक्टर, एक खरेदी अधिकारी आणि चष्म्यावरून बघणाऱ्या वयस्कर मेट्रनबाई. रोगी म्हणून झोपायचा कामगार नेमका त्याच दिवशी रजेवर होता. मालक म्हणाले, त्यात काय, मीच झोपतो. बूट काढून ते खाटेवर आडवे झाले आणि तिथंच घोळ झाला.

आडवा माणूस दिसला की बाईंचे हात कुणाची परवानगी मागत नसत. त्यांनी मालकांना चादर घातली, चारी कोपरे गादीखाली असे घट्ट खोचले की मालकांचे हात आतच राहिले. मग दोन्ही बाजूंचे कठडे वर केले. मालकांनी पडल्या पडल्या कारखान्याचा इतिहास सांगायला सुरुवात केली, तर बाईंनी "आता बोलायचं नाही, पडून राहायचं," म्हणून त्यांना गप्प केलं. डॉक्टर खोकल्याचं निमित्त करून खिडकीकडे वळले.

पुढे मात्र सगळं सुरळीत झालं. बाईंनी पायाकडचं हँडल फिरवलं, मालकांचं डोकं अलगद वर आलं. पत्रकातला एकही शब्द चुकला नाही. एवढ्यात मेट्रनबाईंनी विचारलं, "सिस्टर, ही खाट तुमच्या वॉर्डात आली असती तर?"

हा प्रश्न पत्रकात नव्हता. बाईंना कायमची नोकरी दिसत होती आणि रात्रपाळीला घाईघाईनं खाटांना वळसा घालणाऱ्या पोरीही दिसत होत्या.

"गादी चांगली आहे, चाकं चांगली आहेत. पण हे हँडल आत दुमडत नाही. वॉर्डातल्या प्रत्येकीची नडगी फुटेल."

मालक चादरीत वळवळले. मेट्रनबाईंनी साडी वीतभर वर केली. नडगीवर जुना काळा वण होता. "तीन महिने चिघळलं होतं," त्या म्हणाल्या. मग मालकांकडे वळून त्यांनी निकाल दिला, की हँडल बदला. नवी खाट आधी या बाईंना पसंत पडू दे, मगच आम्हाला बोलवा.

पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडून बाई परत आल्या आणि मालकांची नजर चुकवत आपली पर्स काढू लागल्या.

"कुठे निघालात?" खाटेवरून आवाज आला.

"घरी. महिना संपला ना."

"तुम्ही गेलात तर खाट पसंत कोण करणार? उद्या नऊला या. हँडल कसं हवंय ते मिस्त्रींना सांगा."

"सांगीन. पण वाकून दाखवणार नाही."

"वाकतील तेच. आधी मला सोडवा."

बाईंनी कठडा खाली केला, कोपरे सोडवले. मालक ताडकन उठायला गेले, तसा बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. इतका वेळ पडलेल्या माणसानं एकदम उठायचं नसतं, चक्कर येते. मालक पाय खाली सोडून मुकाट्यानं बसले आणि बाई घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या.